कडब्याची चित्रं

आमचे चित्रकलेचे सर कुठलंही चित्र बघायच्या आधी ते उलटं धरून झटकायचे. खाली काही पडलं, तर चित्र न बघताच परत मिळायचं. नाही पडलं, तर ते फरशीवर ठेवायचे, चपला बाजूला काढायचे आणि चित्राभोवती सावकाश एक फेरी मारायचे. मग उकिडवे बसून एकेका तुकड्यावर बोट ठेवत विचारायचे, "हे कुठनं आणलंस?"

चित्र कशाचं आहे, हे त्यांनी कधी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. त्यांना वस्तूचा ठावठिकाणा हवा असे. चिंधी असेल तर कुणाच्या कपड्याची, काच असेल तर कशाची, फुटली कधी, कुणाच्या हातून. 'दुकानातनं आणलं' असं उत्तर आलं की त्यांचं बोट लगेच पुढच्या तुकड्यावर जायचं. एका मुलीनं एकदा कागदावर एसटीची तीन तिकिटं तिरकी चिकटवून आणली होती. बाकी कागद कोरा. सरांनी तिकिटावर बोट ठेवलं आणि ती सांगत सुटली. मामाच्या गावाला जाताना धाकट्या भावाला उलटी कशी झाली, ती पुढच्या फेटेवाल्याच्या पाठीवर कशी गेली, तो फेटेवाला सगळ्या वाटेनं कसा बोलत राहिला आणि उतरताना त्यानंच भावाच्या हातावर पेरू कसा ठेवला. तास त्यातच संपला. वर्गात सगळ्यात जास्त मार्क त्या तिकिटांना मिळाले. आम्ही कुरकुर केली तेव्हा सर म्हणाले, "तिच्या तिकिटात माणसं हायत की. तुमच्या गुलाबात कोन हाय?"

ही गोष्ट सोलापूरची, बहात्तरच्या दुष्काळातली. आमची शाळा मुलींची, शहराच्या पूर्व भागात. आम्ही बहुतेक जणी विणकरांच्या घरातल्या. वडील मागावर, आई विड्या वळायला, घरात बोलणं तेलुगू. सर अक्कलकोटच्या बाजूचे, त्यांच्या घरात कानडी. आम्हाला ते 'तंगी' म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. शाळेत त्यांना आणि आम्हाला दोघांनाही मराठी बोलावं लागे. एकदा माझा एक शब्द अडखळला तेव्हा ते म्हणाले, "असू दे. तुझं मराठी बी चिकटवलेलं, माझं बी."

'असू दे' हा त्यांचा सगळ्यात मोठा कौतुकाचा शब्द. छान, सुंदर, वा, असलं काही त्यांच्या तोंडून कधी आलं नाही.

उंच माणूस, पाठीत थोडा वाकलेला. पायजमा, सदरा, सदऱ्याच्या खिशात कातर आणि एक चिमटा. सायकलच्या कॅरिअरला तेलाचा रिकामा डबा बांधलेला असे आणि रस्त्यात जे दिसेल ते त्या डब्यात जाई. समोरून लॉरी येत असतानाही ते सायकल आडवी करून उतरत. एकदा कन्ना चौकाजवळ एका लॉरीवाल्यानं त्यांना आईमाईवरून शिव्या दिल्या. सरांनी त्याचं ऐकून घेतलं आणि मग त्याच्याच चाकाखाली चपटं झालेलं पत्र्याचं झाकण उचलून त्याला दाखवलं. जणू त्याच्यात दोघांचाही वाटा होता. हे आमच्या वर्गातल्या मुलीनं डोळ्यांनी पाहिलेलं.

आणखी एक. त्यांना स्वतःला चित्र काढताना कुणी पाहिलेलं नव्हतं. फळ्यावर आंबा काढून दाखवायचा असला तरी ते एखाद्या मुलीला बोलवायचे आणि आपण मागे जाऊन बसायचे. त्यांना काढता येत नाही, असं काही मुली म्हणत. त्यांना फार येतं म्हणून ते काढत नाहीत, असं बाकीच्या म्हणत. खरं काय ते मला आजही माहीत नाही.

त्या वर्षी मी आठवीत होते. नळाला पाणी यायचं तेव्हा यायचं, आणि येईल त्या दिवशी गल्लीत भांडणं व्हायची. शाळेच्या हौदाला कुलूप लागलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, चित्रकलेच्या तासाला पाणी घ्यायला मनाई केली. रंग कालवायचे, कुंचले धुवायचे, वाट्या ओतून टाकायच्या, हे त्या वर्षी कुणालाच बघायला बरं वाटलं नसतं. सरांनी वाद घातला नाही. सगळ्यांच्या रंगपेट्या गोळा करून कपाटात ठेवल्या आणि म्हणाले, "आता कोरडं काम. ते पान्याचं काम मला कधी आवडलंच न्हाय."

त्या कामाला ते 'जोडकाम' म्हणायचे. मुली त्याला 'कचराकाम' म्हणायच्या. चिकटवायला बाभळीचा डिंक, तो सर कुठून तरी फिरून गोळा करून आणत. तो भिजवायला लागणारं पाणी त्यांच्या घरून यायचं, एका छोट्या तांब्यात. त्यांची बायको म्हणे रोज सकाळी विचारायची, हा तांब्या अंगावर घेणार का डिंकाला नेणार. सर डिंकाला म्हणायचे. उन्हाळा वाढल्यावर ते वर्गात आम्हाला वासावरनं कळायचंही.

बाकी सामान आमच्या घरातच पडलेलं होतं, फक्त ते सामान आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. अम्मा विडीची पानं पत्र्याचा साचा ठेवून कापायची, तेव्हा कडेची कात्रणं पडायची. ती मी पिशवी भरून नेली. मागाखाली सुताची तुटकी टोकं पडायची. कोळसा, विटकर, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, काडेपेट्या, बाभळीच्या शेंगा. कुणी तळ्याच्या उघड्या पडलेल्या काठावरची, उन्हानं पोपडे सुटलेली माती आणली. ती वर्गात पोचायच्या आतच फुटायची. विडीच्या पानाची मागची बाजू पुढच्यापेक्षा फिकट असते, उन्हात ठेवलं तर ती आणखी तांबूस होते, हे मी जन्मापासून पाहत होते आणि त्या वर्षी मला ते दिसलं. मला त्या तासाची ओढ लागली, एवढंच सांगते. बाकीच्या विषयांत मी मधल्या बाकावरची मुलगी होते.

तेव्हा रेशनवर मिलो यायचा. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. तिची भाकरी लालसर व्हायची, घशात टोचायची, आणि सगळे तिला नावं ठेवत सगळी खायचे. मला तिचा रंग आवडला होता. एका चित्रात मला संध्याकाळचं आभाळ हवं होतं. मी अम्माला विचारून ओंजळभर मिलो घेतला आणि आभाळाच्या जागी दाणा दाण्याला लावून चिकटवला. एक आख्खा रविवार गेला.

सरांनी चित्र उलटं करून झटकलं. एक दाणा पडला नाही. मला वाटलं, जिंकलं. त्यांनी फेरी मारली, बसले, आभाळावर बोट ठेवलं.

"कुठनं आणलंस?"

"रेशनचा आहे, सर."

त्यांनी बोट उचललं. मग त्यांनी खिशातला चिमटा काढून माझ्या हातात दिला आणि सगळे दाणे काढायला सांगितले. मी वर्गासमोर खाली बसून दाणे काढत राहिले. डिंक वाळून दगड झालेला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी त्यांनी थांबवलं नाही. ओंजळ भरली तसं त्यांनी हात पुढे केला, ते दाणे घेतले आणि तोंडात टाकले. कच्चे, डिंकासकट. उभं राहून ते चावत राहिले. आधी मुली हसल्या. मग हसू थांबलं, कारण ते चावणं संपेनाच. गिळून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "खायची वस्तू चित्रात लावायची न्हाय." आणि पुढच्या मुलीचं चित्र हातात घेतलं.

घरी जाऊन मी अम्माला सगळं सांगितलं. ती सरांवर चिडेल असं मला वाटलं होतं, कारण दाणे तिनंच तर दिले होते. ती पानं कापायची थांबली आणि म्हणाली, "कच्चे खाल्ले? त्यांचं पोट दुखेल की." दुसऱ्या दिवशी तिनं कागदाच्या पुडीत ओवा बांधून दिला. मी तो सरांना नेऊन दिला. त्यांनी पुडी सोडली, वास घेतला, आणि तिथेच व्हरांड्यात उभं राहून अर्धा ओवा खाल्ला. "रात्रभर दुखलं," ते म्हणाले. "आईला सांग, बरं झालं पाठवलं म्हणून." माझ्यावरचा राग गेला का, हे मला त्यांना विचारता आलं नाही. माझा त्यांच्यावरचा मात्र त्या ओव्यासरशी गेला.

डिसेंबरच्या सुमाराला दोन गोष्टी एकदम झाल्या. सुताची ओढाताण होऊन आमच्या नायनांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, माग आठवड्यातले बरेच दिवस बंद राहायला लागला. घर अम्माच्या विड्यांवर आलं. आठवी संपली की मी अम्माशेजारी सूप घेऊन विड्यांच्या कामाला बसायचं, असं नायनांनी ठरवलं. त्यात त्यांचा काही दुष्टपणा नव्हता. गल्लीतल्या माझ्या वयाच्या बऱ्याच मुली बसलेल्याच होत्या.

दुसरी गोष्ट शाळेतली. संस्थेचे अध्यक्ष चित्रकलेचा तासच बंद करायला निघाले होते. पाणी नाही तर चित्रकला कसली, त्यापेक्षा तो तास गणिताला द्यावा, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या बाईंनी ते सरांना सांगितलं. सर म्हणाले, मुलींनी काय केलंय ते आधी त्यांना बघू द्या, मग बंद करा. असं प्रदर्शन ठरलं. अध्यक्ष येणार, पालकही येणार.

सरांनी मला बोलावून विचारलं की माझे वडील येतील का. मी खरं ते सांगितलं, माग चालू असला तर येणार नाहीत. आठवीनंतरचं ठरलेलंही सांगितलं. ते म्हणाले, "मग मोठं कर. लांबनं दिसंल असं."

मोठं करायला सामान हवं होतं. सर एका शनिवारी गावाकडे गेले आणि एसटीच्या टपावर कडब्याची मोठी पेंढी टाकून घेऊन आले. ज्वारीची वाळलेली ताटं. त्यांच्या घराच्या छपरावर बरीच वर्षं पडून असलेला जुना, काळवंडलेला कडबा होता तो, छपराला पत्रे घातले तेव्हा काढून टाकलेला. याला आता कोण विचारतंय, असं ते म्हणाले. आम्ही मुलींनी तो वाटून घेतला. ताटाची वरची साल सोलली की पातळ, चकचकीत पट्ट्या निघायच्या. कुठे पिवळ्या, कुठे धुरकट, कुठे तपकिरी.

मी एका मोठ्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. त्यावर कडब्याच्या पट्ट्या उभ्या, एकीला लागून एक, फक्त टोकांना डिंक देऊन लावल्या आणि त्यांच्यातून नायनांच्या मागाखालचं सूत आडवं ओवत गेले. वर पत्र्यांच्या जागी विडीची कात्रणं. आमची गल्ली होती ती. घरं, दारं, दाराशी बसलेल्या बायका. जिथं अंधार हवा तिथं सूत दाट, जिथं ऊन हवं तिथं विरळ. दोन महिने लागले. पूर्ण झालं तेव्हा सरांनी ते फरशीवर ठेवून फेरी मारली. मग दुसरी मारली. कुठनं आणलंस, हे त्यांना विचारायचं नव्हतंच. त्यांचंच होतं निम्मं. ते म्हणाले, "असू दे, असू दे." दोनदा.

प्रदर्शनाच्या दिवशी लहान चित्रं व्हरांड्यात खिळ्यांना अडकवली आणि मोठी भिंतीला टेकून खाली ठेवली. माझं सगळ्यात पुढे. अध्यक्षांची गाडी आली म्हणून आम्ही सगळ्या फाटकाशी रांग धरून उभ्या राहिलो. नायना पालकांत मागे उभे होते. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. अध्यक्षांना हार घालून झाला आणि आम्ही वळलो, तेवढ्यात व्हरांड्याच्या बाजूनं शिपायाची ओरड ऐकू आली.

शाळेची मागची भिंत एका ठिकाणी पडलेली होती. तिथून एक गाय आत आली होती. त्या वर्षी खेड्यांतली माणसं गुरं घेऊन शहरात आलेली असायची, कुठे कुठे उतरायची. ही त्यांच्यातलीच. गळ्यात तुटलेलं दावं, पाठीचा कणा वर आलेला, बरगड्यांच्या मध्ये खळगे. ती माझ्या गल्लीत तोंड घालून उभी होती. पत्रे गेले होते, निम्मी घरं गेली होती. ती मान झटकून पट्टी सोडवायची, चावायची, पुन्हा तोंड घालायची. बाजूची दोन चित्रं आधीच फाटून पडली होती.

शिपायानं काठी उगारली. सर धावत आले. मला वाटलं, गाईला हाकलायला. त्यांनी काठी धरली.

"थांब," ते म्हणाले. "खाऊ दे तिला."

मी रडत होते की नव्हते, मला आठवत नाही. सर गाईकडे बघत उभे होते. डिंकानं चिकटलेली पट्टी सोडवायला तिला कष्ट पडत होते आणि तरी ती सोडत नव्हती. तोवर अध्यक्ष, मोठ्या बाई, पालक, सगळे येऊन पोचले होते. मोठ्या बाई म्हणाल्या, "सर, अहो, हे काय चाललंय?"

सरांनी त्यांच्याकडे वळून सांगितलं. आवाज नेहमीचाच होता. "मी मुलींना सांगितलं हुतं, खायची वस्तू चित्रात लावायची न्हाय. एकीला त्यापायी रडवलं बी. अन् हा कडबा मीच आनून दिला. ही बी खायचीच वस्तू हाय, ते मला कळलं न्हाय."

मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "तुझं तर न विचारताच गेलं, तंगी," म्हणाले. मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मला ठाऊक नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं, त्यामुळे अध्यक्षांना ते पुढे कायमचे वेडे वाटत राहिले. ते भिंतीकडे गेले आणि कडब्याच्या प्रत्येक चित्रापाशी थांबून ते करणाऱ्या मुलीला विचारू लागले, "तुझं देऊ का?" पाहुणे उभे, चहा निवतोय, आणि ते एकेका मुलीला विचारतायत. मुली हो म्हणत गेल्या. सुमन नावाच्या मुलीनं एक बैलगाडी केली होती. ती म्हणाली, "नाही सर, माझं नको." सर म्हणाले, "बरं." हातात घेतलेलं तिचं चित्र त्यांनी पुन्हा खिळ्याला अडकवलं, मागे सरकून सरळ लागलंय का ते बघितलं, आणि पुढच्या मुलीकडे गेले.

गाईसमोर टाकायच्या आधी सूत काढायला हवं होतं. "सूत काढा आधी," सर म्हणाले, "पोटात अडकंल तिच्या." आम्ही खाली बसून सूत उसवायला लागलो. माझ्या चित्राचा खालचा भाग उरला होता, तोही मी ओढून घेतला. धागा सुटत नव्हता. तेवढ्यात कुणीतरी माझ्यासमोर मांडी घालून बसलं. नायना होते. त्यांनी पुठ्ठा आपल्या मांडीवर घेतला आणि धाग्याचं टोक धरलं. विणकराला टोक शोधावं लागत नाही, ते बोटाला सापडतं. त्यांनी एक ओळ उसवली, दुसरी उसवली, आणि थांबले. पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला.

"हे एक सोडून एक नाही," ते तेलुगूत म्हणाले. "दोन वर, एक खाली. आणि दर ओळीला एक घर सरकलंय. कुणी दाखवलं?"

"तुमच्याकडे बघून," मी म्हणाले.

"मी शिकवलं नाही."

"नाही."

त्यांनी पुढची ओळ उसवली नाही लगेच. अंगठ्यानं ती वीण चाचपली, मग पुन्हा उसवायला लागले, पण आता फार सावकाश, एकेक धागा कुठून कुठे गेलाय ते बघत. मी दोन महिने लावलेलं त्यांनी असं शेवटापासून सुरुवातीकडे बघितलं. निघालेलं सूत त्यांनी तळहाताभोवती गुंडाळून खिशात ठेवलं. पट्ट्या मोकळ्या झाल्या तशा सर येऊन घेऊन गेले. 

अध्यक्ष चहा न घेता गेले. गाय मात्र संध्याकाळपर्यंत मागच्या कडुनिंबाला बांधलेली होती. मोहोळच्या बाजूचा एक माणूस तिला शोधत आला आणि शाळेचं नुकसान झालं म्हणून हात जोडत राहिला. सरांनी उरलेला कडबाही त्याच्या डोक्यावर दिला.

घरी जाताना नायनांचा हात सुताच्या खिशात होता. दारात पोचल्यावर अम्माला म्हणाले, "हिला पानं कापायला बसवू नको. मॅट्रिक होऊ दे."

अम्मा म्हणाली, "मग पानं कोण कापणार?"

"माग बंद असेल तेव्हा मी कापतो."

आणि त्यांनी खरंच कापली. मागावर चालणारे त्यांचे हात कातरीवर अगदी बावळट होते. पानं वाकडी कापली जायची, अम्मा त्यातली निम्मी बाजूला टाकायची आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं बोलायची. गल्लीत पुरुष माणूस पान कापतो म्हणून लोक हसले. नायना माग पूर्ण सुरू होईपर्यंत कापत राहिले.

चित्रकलेचा तास त्या वर्षी बंद झालाच. सरांना सुलेखन आणि कवायत दिली. कवायतीत ते आम्हाला मैदानाला एक फेरी मारायला लावत आणि येताना काहीतरी उचलून आणा म्हणत. एवढीच त्यांची कवायत. पुढच्या वर्षी पाऊस झाला, हौदाचं कुलूप निघालं, तास परत मिळाला, आणि वरून हुकूम आला की मुलींनी परीक्षेला लागतं तेच काढायचं, जलरंगात. सरांनी कपाटातून रंगपेट्या काढून वाटल्या. वर्ग चालू असताना ते खिडकीशी उभे राहायचे. विचारलं तर सांगायचे, पण विचारल्याशिवाय आमच्या कागदाकडे येत नसत. मला त्यांचं वाईट वाटायचं. त्यांना स्वतःला वाटत होतं का, कोण जाणे.

मॅट्रिकनंतर सरांच्या मनात होतं की मी पुण्याला जाऊन चित्रकला शिकावी. ते दोनदा घरी आले, नायनांच्या मागाशेजारी बसले, आणि दोन्ही वेळेला मागाबद्दलच बोलून परत गेले. पुण्याला पाठवणं आमच्याच्यानं होणार नव्हतं आणि बहुतेक ते घरात शिरल्यावर त्यांना दिसलं. मी चादरीच्या एका कारखान्यात नक्षी काढायला लागले. चादरीवरचं फूल आधी चौकटीच्या कागदावर रंगवावं लागतं, एकेक चौकोन भरत. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, त्या पट्ट्या मागावर चढतात, आणि कागदावरचं फूल सुतात उतरतं. बसून करायचं, डोळे दुखवणारं काम. मला ते आवडलं. सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चौकोनात बसवनार म्हन की सगळं." नाराज होते. मग थोड्या वेळानं म्हणाले, "बसव. पर माप जरा चुकीचं बी ठेव कुटंतरी." ते कारखान्यात चालण्यासारखं नव्हतं, हे मी त्यांना बोलले नाही.

ते निवृत्त होऊन गावाला गेले. माझी पहिली स्वतःची नक्षी मागावर चढली तेव्हा त्यातली एक चादर मी त्यांना द्यायला गेले. मधोमध मोठा मोर होता, मानेपासून पिसाऱ्याच्या टोकापर्यंत चादरभर. मला त्याचा फार अभिमान होता. सरांनी ती बाजेवर पसरली, मान एका बाजूला करून बघितली, सुताचा पोत चिमटीत धरला आणि विचारलं, "ऊब हाय का हिला?" मी हो म्हणाले. त्यांच्या बायकोनं मला बळेबळे शेंगाचटणी आणि भाकरी खायला घातली आणि मी परत आले.

पुढच्या थंडीत पुन्हा जाणं झालं. सर ओट्यावर बसले होते. बाजेवर चादर दिसली, पण काहीतरी चुकलेलं वाटलं. जवळ जाऊन बघितलं तर मोराची मान होती, छाती होती आणि तिथून पुढे काही नव्हतं. चादर मधोमध कापलेली. कडेला सरांनी स्वतःच्या हातानं टीप मारलेली, वाकडीतिकडी.

माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. सर म्हणाले, "शेजारची आजी थंडीनं कुडकुडत हुती. ती ठेंगणी, माझी बायको बी ठेंगणी. अर्धी अर्धी पुरते दोघींना."

"पण सर, मोर होता तो."

"हाय की. मान हितं हाय, पिसारा तितं हाय. बघायचा असंल तर जा, आजी घरातच असते."

मला राग आला होता. तरी मी उठून शेजारी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधुक उजेडात म्हातारी अंगाचं मुटकुळं करून झोपली होती आणि पिसारा तिच्या अंगावर होता, डोक्यापासून तळपायापर्यंत. मी थोडा वेळ तिथे उभी राहिले आणि तिला न उठवता बाहेर आले.